सात नंबरची जागा

१४ नोव्हेंबर
टीनाच्या घरामागून

ग्लेनीस,

आणि कॅरॅव्हॅनच्या पडवीचं कापड तू ओलंच गुंडाळलंस. फोनवर हे सांगायचं राहिलं, कारण त्याआधीच तू फोन ठेवलास. काल मी ते टीनाच्या अंगणात उघडलं. सगळीकडे काळी बुरशी, आणि असा वास की पोरीचा कुत्रा उठून लांब जाऊन बसला. दुसऱ्याची कॅरॅव्हॅन हलवायची एवढी हौस होती तर निदान कापड वाळेपर्यंत थांबायचं. पण तुला कुठला दम.

फोन आता करणार नाही. पत्र लिहीन. तू ते फाडशील, पण आधी वाचशील, तुला मी ओळखते. अक्षराला हसू नकोस. आईच्या हाताखाली मेंढ्यांच्या कातरणीच्या शेडवर कांदे सोलायला मला ठेवलं आणि तुला शाळेत धाडलं, त्यामुळं तुझं अक्षर सुंदर आहे आणि माझं असं आहे. आणखी एक. ताई म्हणायचं मी बंद केलंय. जुलैपासून.

तू म्हणालीस मी झालंगेलं उकरत बसते. मग एकदा माझ्याकडून नीट ऐकून घे.

डॉसन खाडीच्या तळावर चार आठवड्यांच्या वर कुणी मुक्काम करायचा नाही, हे मला शिकवू नकोस. आपण चौघं, दोघी बहिणी आणि दोघींचे नवरे, तिथं पहिल्यांदा गेलो तेव्हापासून ते फलकावर आहे. आणि लोक ते कसं पाळतात तेही आपल्याला माहीत आहे. मुदत भरली की कॅरॅव्हॅन गाडीला जोडायची, फाट्यावरच्या पंपापर्यंत जायचं, डिझेल भरायचं, एकेक गरम मटणाचं पॅटिस खायचं आणि दिवस मावळायच्या आत बायकोच्या नावानं नवी नोंद करून परत यायचं. तू तळाची मुकादमीण झालीस, तुला हिरवं जाकीट मिळालं, अख्खा हंगाम फुकट राहायला मिळालं, तरी तू ह्याच्याकडे काणाडोळाच करायचीस. वर त्याच फलकावर खाली लिहिलेलं आहे की आजारपण असेल तर मुकादमानं आपल्या अखत्यारीत दिवस वाढवून द्यावेत. ड्युल्सीबाईचा गुडघा सुजला तेव्हा दिलेस की. गुडघा. तिसऱ्या दिवशी बाई त्याच गुडघ्यानं खडकावर उभी राहून मासे धरत होती.

माझ्या डेसच्या छातीत खाणीची धूळ होती. सात नंबरची जागा त्याला का हवी असायची ते तुला माहीत होतं. तिथं वाळूचा उंचवटा आड येत नाही, पडवीत खुर्ची टाकली की समोर थेट पाणी. त्याला दहा पावलं चालवत नव्हतं. तो बसून देवमाशांची वाट बघायचा आणि पाठ दिसली रे दिसली की चमच्यानं पत्र्याचा मग बडवायचा, की सगळा तळ हातातली कामं टाकून बाहेर. तूही यायचीस. हात पिठाचे असले तरी यायचीस.

त्याला श्वास लागला तेव्हा डॉक्टरांचं विमान येऊन शहरात घेऊन गेलं. मी सोबत गेले. कॅरॅव्हॅन तुझ्या भरवशावर टाकली. किल्लीसुद्धा तुझ्याच हातात दिली आणि म्हटलं, गॅस बंद आहे का तेवढं बघ.

तेवढ्यात आमची मुदत भरली. आम्ही परत आलो तेव्हा सात नंबरवर मागच्या रांगेतल्या त्या हार्टनेलांची आगगाडीएवढी नवी कोरी कॅरॅव्हॅन उभी होती. आठ रिकामी होती, अकरा रिकामी होती, पण हार्टनेलबाईंना सातच आवडली होती. आमची कॅरॅव्हॅन मागच्या मैदानात, संडासांच्या पाठीशी, कचऱ्याच्या पिंपांशेजारी. डेसची खुर्ची चाकाखाली जाऊन मोडलेली. आणि तू जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढून पुढं आलीस.

मी दोन रात्री मागितल्या. जास्त नाही. अकरा नंबरवर चालेल म्हटलं. दुपारची रोजची चारची बैठक भरली होती, सगळे आपापल्या खुर्च्या गोल मांडून बसले होते, सगळे ऐकत होते. तू काय म्हणालीस ते शब्द न् शब्द लिहिते.

‘‘नियम सगळ्यांना सारखा, नोएलीन. सख्ख्या बहिणीला सूट दिली तर उद्या मला इथं कोण विचारेल?’’

ड्युल्सीबाईनं खाली बघितलं. क्लॅरी भावोजी उठून गेले. आणि डेसनं माझा हात धरला आणि म्हणाला, ‘‘जाऊ दे नोएल. इथूनही आवाज येतो की.’’

तिसऱ्या सकाळी तो गेला. संडासांची पाठ बघत गेला.

मला तुझ्याकडून फार काही नकोय. एक ओळ लिहून पाठव, की मी चुकले. तुझं अक्षर छान आहे.

नोएलीन


३ जानेवारी

ग्लेनीस,

केक मिळाला. टीनाच्या कोंबड्यांना घातला. त्यांनी बेदाणे वेचून खाल्ले आणि बाकीचा तसाच सोडला, तेव्हा लोण्यात ह्या वर्षी तू हात आखडलास असं दिसतं.

सोबत जे कार्ड होतं त्यावर शुभेच्छा होत्या, कोकरू होतं, तुम्हा दोघांची नावं होती. दोन्ही तुझ्याच अक्षरात. भावोजींना सही करायचाही वेळ नव्हता का? ओळ मात्र नव्हती. उलटसुलट करून बघितलं.

टीना म्हणते, आई, जाऊ दे, मावशी आहे. मी तिला म्हटलं, तुझा बाप पण जाऊ दे म्हणाला होता आणि मग स्वतःच गेला.

मी इथं रिकामी बसलेली नाही. जावयाच्या गुरांच्या वाड्यात रोज संध्याकाळी कॅरॅव्हॅन मागं घ्यायला शिकतेय. इतकी वर्षं डेस चालवायचा आणि मी मागं उभी राहून हात करायचे, त्यामुळं माणसानं मागून काय दाखवावं ते मला येत होतं, पण चाक डावीकडं फिरवलं की कॅरॅव्हॅनचं बूड उजवीकडं का जातं ते डोक्यात शिरत नव्हतं. आता शिरलंय. दोन खांब पाडले. जावई देवमाणूस आहे, म्हणाला, खांब जुनेच होते.

का शिकतेय ते कळेल तुला.

नोएलीन


१८ एप्रिल
डॉसन खाडी

ग्लेनीस,

तू बसली नसशील तर बस. मी हे पत्र फाटकाजवळच्या पहिल्या जागेवरून लिहितेय. तुझ्या जागेवरून. पाण्याच्या टाकीच्या सावलीत तू कुंडीत लावलेलं ते तुळशीसारखं दिसणारं झाड अजून आहे, मेलेलं. आणि खिळ्याला जाकीट आहे. माझ्या मापाचं. तुझं मला दंडात घट्ट झालं, म्हणून तळ ज्यांच्या ताब्यात आहे त्या खात्याच्या बाईनं नवं दिलं.

तुझी चहाडी करून मिळवलं असं समजू नकोस. तसलं मी करत नाही. मी सरळ तुझी जागा मागितली. बाईनं फोनवर विचारलं, एकटीनं जमेल का, संडास धुवावे लागतात, भांडणं सोडवावी लागतात, मुदत भरली की लोकांना उठवावं लागतं. मी म्हटलं, बाई, मी मेंढ्या कातरणाऱ्या पंचवीस गड्यांना तीन वेळचं रांधून घातलंय, त्यातले निम्मे प्यायलेले असायचे. आणि उठवायचं म्हणाल तर मला कुणाला तरी उठवायचंच आहे. ती हसली. तिला वाटलं मी गंमत करतेय.

तिच्याकडूनच कळलं की यंदा तू अर्जच केला नाहीस. भावोजींची तब्येत बरी नसते म्हणाली. काय झालंय ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

इथं सगळं तसंच आहे. दुपारनंतर वारा सुटतो, पडव्या फडफडतात, त्या गुलाबी पोटाच्या काकाकुव्यांनी कचऱ्याच्या पिंपाची झाकणं उघडायला शिकून घेतलंय. ड्युल्सीबाई आणि तिचा हॅरॉल्ड आले. ड्युल्सीबाईनं मला जाकिटात बघितलं आणि हातातली थाळी तशीच धरून उभी राहिली. मग म्हणाली, ‘‘नोएलीन, तू मनात काही धरून आलेली नाहीस ना?’’ मी म्हटलं, धरूनच आलेय, पण तुमच्यासाठी नाही, तुम्ही नुसत्या खाली बघणाऱ्या. ती आत गेली आणि थोड्या वेळानं तळलेला मासा पाठवला. खाल्ला मी. माशाचा काय दोष.

जूनमध्ये तुम्ही याल, दरवर्षी येता. नियम तुला पाठ आहे. माझाही झालाय.

नोएलीन


१२ जून
तुझ्याच दारात सरकवलेलं

ग्लेनीस,

तुझ्या कॅरॅव्हॅनपासून माझ्या कॅरॅव्हॅनपर्यंत ड्युल्सीबाईचा आवाज पोहोचतो, तरी मी पत्र लिहितेय. काल मी बोलायला आले तर तू ‘हो मुकादमबाई’ म्हणून दार लावून घेतलंस. ठीक आहे. दाराखाली फट आहे.

काल जे झालं त्यात माझा काय दोष ते सांग. लोक डिसेंबरातच फोन करकरून इथल्या जागा नोंदवून ठेवतात. हॅरॉल्ड तर नाताळच्या जेवणातून उठून फोन धरून बसतो. हे अख्ख्या देशातल्या म्हाताऱ्यांना माहीत आहे. तुला नव्हतं. सहा वर्षं तू हंगाम सुरू झाला की गाडी काढायचीस आणि फाटकातल्या जागेवर आणून लावायचीस. नोंदणी म्हणजे दुसऱ्यांनी करायची गोष्ट. काल तू आपली आलीस, काच खाली केलीस आणि म्हणालीस, ‘‘कुठली देतेस?’’ जशी काही मी तुला वाढपीण.

मी म्हटलं, नोंदणी दाखव. तुझा चेहरा मी मरेपर्यंत विसरणार नाही. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

नोंदणी नसलेल्यांना मागचं मैदान. ते तूच ठरवलेलं आहे. संडासांच्या पाठीशी जी जागा आहे तीच तेवढी रिकामी होती आणि नसती तरी मी ती रिकामी करून घेतली असती.

आणि मग तू कॅरॅव्हॅन मागं घ्यायला बसलीस. मला वाटलं होतं भावोजी चालवतील. ते शेजारच्या सीटवर, मांडीवर टोपी घेऊन, पाहुण्यासारखे बसून होते. अख्ख्या तळानं खुर्च्या बाहेर काढल्या. इथं दुसरी करमणूक नाही, नवराबायको गाडी लावताना भांडतात ती फुकटची, हे तुलाही माहीत आहे. तू स्वतः कितीदा बिस्किटं घेऊन बसली आहेस. पहिल्यांदा कॅरॅव्हॅन उजवीकडं गेली. दुसऱ्यांदा गाडी आणि कॅरॅव्हॅन कोपरासारखी दुमडली. तिसऱ्यांदा पिंप गेलं. हॅरॉल्ड उठायला लागला तर मी त्याच्याकडं बघितलं आणि तो पुन्हा बसला. मागं उभं राहून हात दाखवणं हे मुकादमाचं काम आहे, मी जाणून आहे. मी हाताची घडी घातली होती.

तू काच खाली करून म्हणालीस, ‘‘बघत काय उभी राहिलीस, दाखव की जरा.’’

मी म्हटलं, ‘‘सख्ख्या बहिणीला सूट दिली तर मला इथं कोण विचारेल?’’

एवढं म्हटल्यावर माझा जीव थंड व्हायला हवा होता. हॅरॉल्ड हसला, बाकी कुणी हसलं नाही. तेवढ्यात भावोजी खाली उतरले, त्यांनी टोपी घातली आणि सात नंबरच्या दिशेनं चालू लागले. तू गाडी तशीच आडवी सोडून त्यांच्यामागं पळालीस. तुला मी शाळा सुटल्यावर सुद्धा कधी पळताना बघितलं नव्हतं.

काल आलात म्हणजे काल पहिला दिवस. चार आठवडे. नंतर शनिवारी सकाळी दहा वाजता निघायचं. फाट्यावर जाऊन डिझेल भरून भावोजींच्या नावानं परत यायचं ते माझ्याकडं चालणार नाही. मी बाकी कुणाला विचारत नाही. तुला विचारीन.

नोएलीन


२५ जून

ग्लेनीस,

भावोजी रोज सकाळी माझ्याकडं नसतात, सात नंबरवर असतात, तेव्हा शोधायला तिकडं जा. अख्खा तळ हाका मारून उठवू नकोस.

त्यांना काय झालंय ते तू कुणाला सांगितलेलं नाहीस, पण ते सांगायची गरज नाही. बैठकीत ते हॅरॉल्डला तीनदा विचारतात की कुठून आलात. हॅरॉल्ड तीनदा सांगतो, बरा माणूस आहे. तुझं नाव त्यांना कधी सापडतं, कधी नाही. माझं सापडतं. नोएल म्हणतात, डेस म्हणायचा तसं.

सात नंबर ह्या हंगामात मी कुणाला दिलेली नाही. कुणाची गाडी बिघडली, आस तुटला तर एक जागा मुकादमानं राखून ठेवायची असते. तू अकरा ठेवायचीस, मी सात ठेवली. दोरी बांधली आहे. आत डेसची खुर्ची आहे. मोडलेला पाय जावयानं जोडून दिला. का ठेवली ते माझं मी बघीन.

भावोजी दोरीखालून वाकून आत जातात आणि खुर्चीवर बसतात. पहिल्या दिवशी मी उठवायला गेले. ते म्हणाले, ‘‘डेसची आहे, ठाऊक आहे मला. तो येईपर्यंत बसतो. चहा ठेवलायस का? गार झालेला त्याला चालत नाही.’’ चहा आणून दिला. दुसरं काय करणार. निखाऱ्यातला पावही दिला, खरपूस कड असलेला, त्यांना तोच आवडतो.

ह्यावरून मी विरघळले असं समजू नकोस. चहा त्यांना दिला.

मग ते जे बोलले ते तुला कळावं म्हणून हे पत्र. चहाचा मग हातात धरून समुद्राकडं बघत म्हणाले, ‘‘नोएल, डेसला सांग. कॅरॅव्हॅन मी ओढली. ग्लेनीसनं जोड म्हटलं म्हणून जोडली. मागं त्याची खुर्ची होती ती मला दिसली नाही. मोडल्याचा आवाज आला तेव्हा मी थांबायला हवं होतं. फार वाईट झालं. त्याला सांगशील?’’

मी सांगते म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शब्दसुद्धा तेच. पहिल्यांदाच सांगत असल्यासारखं. परवाही. आजही. सकाळी काय खाल्लं ते त्या माणसाला आठवत नाही, हे मात्र आठवतं, आणि मागितलेली माफी तेवढी विसरतात, म्हणून रोज नव्यानं मागतात. मी रोज म्हणते, सांगीन हो.

तुला सगळं आठवतं. तुझं एक अक्षर नाही.

नोएलीन


६ जुलै, बुधवार

ग्लेनीस,

ड्युल्सीबाईला मध्ये घालायचं काही कारण नव्हतं. ती आली, माझ्या पायरीवर बसली, आधी वाऱ्याबद्दल बोलली, मग तिच्या गुडघ्याबद्दल, मग म्हणाली की ग्लेनीसला आणखी थोडे दिवस हवे आहेत. क्लॅरी इथं शांत असतो. घरी तो रात्रंदिवस दारं हलवतो, शेजारच्या बाईच्या मोटारीत जाऊन बसतो, इथं समुद्र बघितला की त्याला कुठं आहोत ते कळतं. पुढच्या हंगामापर्यंत तो इथं आणण्याजोगा राहील की नाही ते डॉक्टर सांगत नाहीत. आजारपण असेल तर मुकादमानं आपल्या अखत्यारीत दिवस वाढवावेत असं फलकावर आहे म्हणे. मी म्हटलं, आहे खरं. मागच्या वर्षीही होतं.

काल मग तू स्वतः आलीस. वर्षभरात पहिल्यांदा माझं दार वाजवलंस. तू तिथं काय बोललीस ते तू घरी जाऊन बदलून टाकशील, म्हणून लिहून ठेवते.

तू म्हणालीस, ‘‘त्याच्यासाठी मागतेय. माझ्यासाठी नाही.’’

मी म्हटलं, मीही माझ्यासाठी मागितल्या नव्हत्या.

मग तुझा तोल गेला. हार्टनेल कसे बैठकीत टोमणे मारत होते, मुकादमाचं गोत पुढच्या रांगेत आणि आम्ही मागं असं कसं म्हणत होते, खात्याकडं कळवू म्हणत होते, तुला जाकीट जायची कशी भीती होती, क्लॅरीचं तेव्हाच विसरणं सुरू झालं होतं आणि ही जागा गेली तर त्याला घेऊन कुठं जायचं हे तुला कसं सुचत नव्हतं. मी ऐकून घेतलं. हे सगळं तू तेव्हा मला सांगितलं असतंस तर मीच म्हटलं असतं, ने गाडी मागं, पण त्याला दिवसा आणून पुढं बसवू दे. तू सांगितलं नाहीस. जाकीट घालून नियम सांगितलास.

आणि शेवटी ते म्हणालीस. ‘‘तो मरणारच होता, नोएलीन. समुद्र बघून काय वाचणार होता?’’

मी दार लावलं नाही हे लक्षात ठेव. तू पाठ फिरवलीस, मी नाही. माझ्या हातात किटली होती आणि मी ती हळूच खाली ठेवली, ह्याबद्दल तू माझे आभार मानायला हवेत.

नव्हता वाचणार. मला ठाऊक होतं, त्याला ठाऊक होतं, विमानातल्या डॉक्टरणीला ठाऊक होतं, तिनंच शहरातून परत पाठवताना म्हटलं की न्या त्यांना जिथं बरं वाटतं तिथं. आम्ही वाचायला नव्हतो आलो. भावोजीही वाचायचे नाहीत ह्यातून. मग त्यांना तरी समुद्र कशाला, सांग. संडासांची पाठ आहेच की, आवाज तिथूनही येतो.

रात्रभर मी ह्या एका वाक्यावर दात खात होते. सकाळी सात नंबरवर गेले तर भावोजी बसलेले. त्यांनी एकदम मग बडवायला सुरुवात केली. चमच्यानं, डेस बडवायचा तसा. मी वर बघितलं, पाण्यात काही नव्हतं, नुसत्या लाटा. पण लोक बाहेर आले. हॅरॉल्ड अर्धी दाढी केलेला, ड्युल्सीबाई चिमटा हातात घेऊन. तूही आलीस मैदानातून, हात पिठाचे. सगळे उभे राहिलो आणि बघत राहिलो, आणि भावोजी दाखवत राहिले, ते बघा, ते बघा. कुणीच म्हटलं नाही की नाही आहे. तू तर म्हणालीस, ‘‘हो रे, केवढा मोठा.’’ आणि तेव्हा तुझी नजर खुर्चीच्या जोडलेल्या पायावर गेली, आणि तू तिथून पुन्हा पिठाचे हात घेऊन निघून गेलीस. मी बघितलं तुला बघताना.

तेव्हा आता नीट वाच.

तुझी मुदत शनिवारी सकाळी दहाला भरते. फाट्यावर नाही, नावाची अदलाबदल नाही. मी येऊन टेकू वर घेईन, ठोकळे काढीन, आकडा स्वतःच्या हातानं जोडीन आणि फाटक उघडून धरीन. भावोजी खुर्चीवरून उठले नाहीत तर त्यांना उठवायचं तुझं तू बघ. ते काम मी करणार नाही, आणि ते करताना तुला सगळा तळ बघेल, खुर्च्या बाहेर काढून.

नाहीतर शुक्रवारी चारच्या बैठकीला यायचं. चिठ्ठी नको, केक नको, ड्युल्सीबाई नको. गेल्या वर्षी ज्यांच्यासमोर तू मला नाही म्हणालीस ते हार्टनेल सोडून सगळे तिथं असतील, आणि ज्यांनी खाली बघितलं त्यांना मी सांगून ठेवलंय की ह्या वेळी वर बघायचं. तिथं उभं राहून सांगायचं की आठ रिकामी होती, अकरा रिकामी होती, दिवस वाढवणं तुझ्या हातात होतं आणि तू वाढवले नाहीस. डेसचं नाव घेऊन सांगायचं. मोघम नाही. भावोजींच्या मागं लपून नाही. त्यांचं सांगून झालंय, आज सकाळीही झालं.

सांगितलंस तर मी तिथल्या तिथं सात नंबरची दोरी सोडीन. गाडी तू चालव. मागं मी उभी राहीन आणि हात दाखवीन, आणि माझ्या हाताकडं बघून चालवलंस तर पिंप जाणार नाही. आजारपणाचे म्हणून चार आठवडे लिहीन. त्यावर एक दिवस मागू नकोस. आणि मी तुला ताई म्हणेन अशीही वाट बघू नकोस.

शुक्रवार, चार वाजता. खुर्ची तुझी तू आण. रिकामी राहिली तर तेच उत्तर समजून मी शनिवारी येईन.

नोएलीन